अजून थोडं आत

"श्वास सोड," मावशी म्हणाली.

"सोडलाय."

"नाही सोडलास. पोट ओढून उभी आहेस. बावीस वर्षं हेच करतेय मी, मला नको शिकवूस."

भाचीने श्वास सोडला. तरीही टेप सैलच राहिला. मावशीने तो पुन्हा कंबरेभोवती फिरवला, टोक अंगठ्याखाली दाबून धरलं आणि चष्मा सावरून आकडा वाचला. मग तिने तिसऱ्यांदा माप घेतलं.

"किती?" भाचीने विचारलं. तिचा एक हात वर होता, हातात फोन होता आणि त्या फोनमध्ये ती स्वतःकडेच बघत होती. "कमी झालं ना?"

"झालं."

"मग अजून थोडं आत घे. इथे, बरगडीच्या खाली. व्हिडिओत फुगलेलं दिसतं."

"अगं, हाच फ्रॉक मागच्या महिन्यात आत घेतलाय. त्याच्या आधीच्या महिन्यातही."

"मग काय झालं? तुझं कामच आहे ना ते?"

ती हसत म्हणाली, म्हणून मावशीही हसली. टाचण्या लावता लावता तिची बोटं भाचीच्या पाठीला लागली आणि तिचा हात जागीच थांबला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पोरीची पाठ गार पडली होती.

मावशीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन मशिनी, कापड बेतायचं टेबल, भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. मागच्या खोलीत ती राहायची. तिचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारणारेही आता थकले होते. वरच्या मजल्यावर तिची थोरली बहीण राहायची. ताई एका हॉस्पिटलातल्या औषधांच्या काउंटरवर कामाला होती आणि भाऊजी ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. त्यामुळे त्यांची एकुलती एक मुलगी वाढली ती या दुकानातच, चिंध्यांच्या ढिगावर लोळत. ती मावशी म्हणायची म्हणून हळूहळू सगळी गल्लीच मावशी म्हणू लागली.

लहानपणी भाची चांगली गुटगुटीत होती. आठ महिन्यांची असताना मावशीनेच तिच्या गालाला गाल लावून तिला 'ढब्बू' म्हणायला सुरुवात केली. पोरीला सतरावं लागलं तरी ते नाव सुटलं नव्हतं.

व्हिडिओंचं वेड दीड वर्षापूर्वी सुरू झालं. पडद्यांच्या कामातून हिरवं कापड उरलं होतं, त्याचा मावशीने फ्रॉक शिवला. भाचीने तो घालून आरशासमोर एक गिरकी घेतली, त्याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला आणि तो दोन दिवसांत कुठल्या कुठे पोचला. अनोळखी मुली विचारू लागल्या, कुणी शिवला, कुठे शिवला. दुकानात नवी गिऱ्हाइकं आली. मावशी हरखून गेली. तिने शिवलेल्या कपड्यांना लोक आजवर "बरा झालाय" एवढंच म्हणत आले होते. आता रोज संध्याकाळी मशीन झाकताना ती विचारायची, "ढब्बू, आज किती झाले गं?" भाची व्हिडिओ बघणाऱ्यांचा आकडा सांगायची. आकडा मोठा असला की दोघी खूश. आकडा लहान असला की पोरगी जेवायची नाही, हे मात्र मावशीच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

त्या दुपारी भाची वर गेल्यावर मावशीने मापांची वही काढली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, पेन्सिलीने लिहिलेलं, तारखेसकट. भाचीचं पान भरून दुसरं लागलं होतं. खांदा, छाती, कंबर, दंड. मावशीने एकेका रकान्यावरून बोट खाली आणलं. उंची वाढली होती. बाकी सगळं खाली खाली येत गेलं होतं, आधी पाव इंच, मग अर्धा, मग त्याहून जास्त. दंडाचं माप तर दहा वर्षांच्या मुलीच्या गणवेशाला शोभेल असं होतं. हे सगळे आकडे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. लिहिताना एकदाही वाचले नव्हते.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. चहा पुढे केला की "आत्ताच घेतला" असं म्हणणं. एवढ्या उन्हाळ्यात स्वेटर. आरशाखालच्या फणीत केसांचा पुंजका. चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभं राहणं, आणि कुणी पाहिलं की फोन कानाला लावणं.

तो हिरवा फ्रॉक टेबलावर टाचण्यांसकट पडला होता. मावशीने एकेक टाचणी काढून डबीत टाकली आणि फ्रॉकची घडी घातली.

संध्याकाळी भाची खाली आली. "झाला?"

"नाही. आणि होणारही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे यापुढे मी तुझा एकही कपडा आत घेणार नाही. तू जेवत नाहीस."

"जेवते की."

"आज काय जेवलीस?"

"तू काय पोलीस आहेस का?" भाचीचा आवाज चढला. मग तिने फोन पुढे केला. "हे वाच. वाच म्हणजे कळेल."

मावशीने वाचलं. छान, सुंदर, किती गोड, अशी शंभरेक वाक्यं होती. भाचीचं बोट त्या सगळ्यांवरून भराभर घसरत एका जागी येऊन थांबलं. इतक्या सराईतपणे, की तिथे ते रोज येत असणार. कुणीतरी लिहिलं होतं, 'फ्रॉक मस्त. दंड झाकले असते तर बरं झालं असतं.' खाली हसून हसून रडणारे चेहरे.

"कधीचं आहे हे?"

"मागच्या वर्षीचं."

"वर्षभर हे एकच वाक्य कवटाळून बसलीस? आणि ती बाकीची शंभर?"

"ती काय, सगळे सगळ्यांनाच लिहितात."

"इकडे बघ," मावशी म्हणाली. "या आरशासमोर हजारो बायका उभ्या केल्यात मी. एकीचेही दोन खांदे सारखे नव्हते. एकीचेही नाही. एक हात जाड, एक बारीक. एक कुल्ला वर, एक खाली. माणसं अशीच असतात गं, वाकडीतिकडी. सरळ असतं ते फक्त कापड."

"तुला काय कळणार? कसं दिसतं याचा तुला काय फरक पडतो? मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये!"

मावशी अंगाने चांगली भरलेली होती. दुकानातल्या स्टुलाला तिने स्वतःच लोखंडी पाय करून घेतले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते हसत दाखवायची. तिला तिच्या अंगावरून आजवर कुणी असं बोललं नव्हतं. लागलं. पण लागलेलं कुरवाळत बसायला वेळ नव्हता, कारण भाचीने फ्रॉक उचलला होता आणि ती निघाली होती.

ताई कामावरून आली तेव्हा मावशी वही घेऊन तिच्या स्वयंपाकघरात उभीच होती.

"हे बघ," ती म्हणाली.

ताईने पर्स खाली ठेवली, पान पाहिलं. "परीक्षा जवळ आलीय. टेन्शन घेते ती. या वयात सगळ्याच मुली बारीक होतात."

"ताई, सगळ्या मुली माझ्याकडेच येतात मापाला. अशा नाही होत."

"मग मी काय करू? दहा तास उभी असते मी. डबा भरून देते, रिकामा परत येतो. आणखी काय बघायचं असतं आईने?" ताईने वही मिटून तिच्या हातात दिली. मग थोडं थांबून म्हणाली, "तिला नटवलंस तू. व्हिडिओ काढायला आरसा तुझा, कपडे तुझे. आता मला येऊन सांगतेस? स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं."

एका दिवसात दोघींनी दोन घाव घातले. मावशी जिना उतरली, मागच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाचं कापड भिजत घातलं.

तिसऱ्या दिवशी तिला तो फ्रॉक दिसला. रस्त्याच्या टोकाला म्हाताऱ्या मास्तरांचं दुकान होतं, आणि त्यांच्या काचेमागे, हँगरवर, तोच हिरवा रंग. मावशी शिवण शिकली ती या मास्तरांच्याच हाताखाली. बारा वर्षांपूर्वी तिने स्वतःचं दुकान टाकलं, निम्मी गिऱ्हाइकं तिच्यामागोमाग गेली आणि मास्तरांनी बोलणं टाकलं. तेव्हापासून समोरून येताना दिसले की दोघंही रस्ता ओलांडत.

ती सरळ आत शिरली. "मास्तर."

मास्तरांनी मशिनीवरून मान वर केली नाही. "काय, कात्री हवीय उसनी?"

"तो हिरवा फ्रॉक."

"गिऱ्हाइकाचा आहे."

"माझ्या भाचीचा आहे. मी शिवलाय."

"ते टाके बघूनच कळलं. माझेच टाके आहेत ते."

मावशीने वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. "तो आत घेऊ नका."

मास्तरांनी चष्मा बदलला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत त्यांची नजर एकदाच खाली उतरली आणि तिथेच राहिली.

"पोरीचं माप घेताना हाताला नुसतं हाड लागलं," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं मला. पण बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाविषयी बोलायचं नाही, हे तुलाही मीच शिकवलं ना?"

"हो."

"मग तू कशाला बोलतेस?"

"न बोलता मी तो चार वेळा आत घेतलाय, मास्तर."

मास्तर उठले. गुडघे धरत काचेपाशी गेले, फ्रॉक काढला, त्याची नीट घडी केली. "तिला सांगतो, जमणार नाही. पलीकडच्या चौकातल्यालाही सांगून ठेवतो, तो माझं ऐकतो." मावशी वही घेऊन वळली तेव्हा मागून आवाज आला. "बस जरा. चहा सांगतो."

भाचीला हे कळलं तेव्हा ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "तू माझ्या पाठीमागे गावभर फिरतेस? लाज नाही वाटत?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिने मावशीचा फोन घेणं बंद केलं. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघत उतरायची.

मावशीला एक गोष्ट काही केल्या उमगत नव्हती. शंभर माणसं छान म्हणतात आणि एक नको ते बोलतो, तर पोरगी त्या एकाचंच का ऐकते? हे समजल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं तिला वाटू लागलं. कापड कसं आटतं हे ठाऊक नसेल तर त्याला कात्री लावायची नसते. एका दुपारी स्कर्ट न्यायला आलेल्या मुलीकडून तिने आपल्या फोनवर ते व्हिडिओंचं ॲप घालून घेतलं.

आधी तिने भाचीचे सगळे व्हिडिओ पाहिले, पहिल्यापासून. हिरव्या फ्रॉकमधली ती गोबऱ्या गालांची पोरगी, मग तिच्यातून हळूहळू बाहेर येत गेलेली दुसरीच कुणीतरी. जितकी ती वाळत गेली, तितके खालचे आकडे फुगत गेले होते. मावशीने डोळे पुसले आणि पुढे सरकवलं.

पुढे दुसरी मुलगी आली, तशीच बारीक. मग तिसरी. एकीने सांगितलं, सकाळी उठून आपण काय खात नाही ते. एकीने आपल्या मनगटाभोवती बोटं गुंडाळून दाखवली. मावशी थांबून पाहत होती, कारण तिला समजून घ्यायचं होतं. पण ती कशासाठी थांबते हे फोनला कुठे कळत होतं? त्याला एवढंच कळलं, की ही बाई इथे थांबते. मग त्याने तेच आणून टाकायला सुरुवात केली, एकावर एक. थोड्या वेळाने मुलींच्या जागी तिच्याच वयाच्या बायका आल्या. चाळिशीनंतरचं पोट. तुमचे दंड असे आहेत का? हे करा, हे सोडा, तीन आठवड्यांत बघा.

तासाभराने बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठली. आरशासमोरून जाताना थांबली. आपण श्वास ओढून पोट आत घेतलं आहे, आणि एक हात दुसऱ्या हाताचा दंड चिमटीत धरून बघतो आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

बारा वर्षं त्या आरशासमोर वावरून तिने असं कधी केलं नव्हतं. ती त्रेचाळीस वर्षांची होती, स्वतःचं दुकान चालवणारी होती, आणि तिला एकच तास लागला होता. पोरगी सतराची होती. ती दीड वर्ष त्यातच होती.

मावशीने दुकानाला कुलूप लावलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. ताईची जेवणाची सुट्टी होती. औषधांच्या खोक्यांमागे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ती डबा खात होती.

"भांडायला आले नाही," मावशी म्हणाली आणि फोन तिच्या हातात दिला. "तुझी सुट्टी किती वेळाची?"

"अर्धा तास. का?"

"अर्धा तास हे बघ. मी बोलणार नाही. फक्त बघ."

ताईने कंटाळून सुरुवात केली. पाच मिनिटांनी तिचा घास हातातच राहिला. पंधरा मिनिटांनी तिने नकळत साडीचा पदर पोटावर ओढून घेतला. एक व्हिडिओ तिने पुन्हा मागे नेऊन पाहिला. त्यात एक मुलगी सांगत होती, जेवणाचा डबा आईला कळू न देता रिकामा कसा करायचा. ताईने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"रोज रिकामा यायचा गं," ती म्हणाली. "मी किती खूश व्हायचे." आणि खोक्यांमागे, कुणाला ऐकू जाणार नाही असं, रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. भाचीने ते ऐकलं आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. ताईने दार वाजवलं, समजावलं, रागावून पाहिलं. शेवटी मावशी म्हणाली, "तू डॉक्टरांना फोन करून संध्याकाळची वेळ घे. मी बसते." दुकानाच्या दारावर 'आज बंद' अशी पाटी लावून ती शिवायचे स्कर्ट, सुई-दोरा आणि तो लोखंडी पायांचा स्टूल घेऊन वर आली आणि बंद दाराबाहेर बसली.

दहा वाजले होते. साडेअकराच्या सुमारास आतून आवाज आला. "किती वेळ बसणारेस?"

"शाळेचे सहा स्कर्ट आहेत. घेर मोठा आहे. तुरपाई संपत नाही लवकर."

"मी येणार नाहीये."

"बरं."

एक वाजला. ताईने ब्रेड आणि केळी आणून दिली. मावशीने तिथेच बसून खाल्लं. दारापलीकडे पोरगी जमिनीवर, दाराला टेकून बसली असावी. श्वास ऐकू येत होता. तिसरा स्कर्ट झाला. मग मावशी दाराकडे न बघता, सुई चालवत, बोलू लागली.

"तुझं ते बोलणं मला लागलं. लागलं नाही असं नाही. पण ते सांगायला नाही बसले मी. काल दुपारी मी ते ॲप घातलं माझ्या फोनवर. एक तास पाहिलं. आणि उठले ती आरशासमोर जाऊन उभी राहिले. पोट आत ओढून. स्वतःचा दंड चिमटीत धरून." तिने दोरा दाताने तोडला. "मला वाटायचं, तू वेडेपणा करतेस. हट्ट करतेस. त्या तासानंतर कळलं. हा तुझा हट्ट नाही. तू मोठ्या लाटेत उभी आहेस आणि मी किनाऱ्यावरून ओरडतेय, की बाहेर ये, सोपं आहे."

तिने सुईत नवा दोरा ओवला.

"रात्री झोपायच्या आधी पुन्हा बघावंसं वाटलं मला. खरं सांगते. हात गेला फोनकडे."

पाचव्या स्कर्टाची तुरपाई निम्मी झाली होती तेव्हा कडी निघाली. भाची दारात बसलेलीच होती, गुडघे छातीशी घेऊन. जवळून तिचे ओठ निळसर दिसत होते.

"मला थांबवता येत नाही, मावशी," ती म्हणाली. "मी ठरवते रोज. उद्या जेवीन म्हणते. ताटात बघितलं की भीती वाटते. खरंच भीती वाटते."

मावशीने सुई कापडात खोचली. ती स्टुलावरून उतरून भाचीशेजारी फरशीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "चल. चप्पल घाल. तिथे तुझ्याऐवजी मी बोलेन."

डॉक्टरबाईंनी तपासलं, नाडी दोनदा पाहिली. "हा आजार आहे, नखरे नाहीत," त्या ताईला म्हणाल्या. "ठोके फार मंद पडलेत. आज इथेच ठेवून घेते. आणखी महिनाभर थांबला असतात तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि ते पुरं करा असं कुणी म्हणालंही नाही.

भाची सतरा दिवस हॉस्पिटलात होती. एका दुपारी मावशी आत येता येता सवयीने म्हणाली, "काय गं ढब्—" आणि तिने जीभ चावली.

भाची खिडकीकडे बघत होती. "ते नाव मला कधीच आवडलं नाही," ती म्हणाली. "तू इतक्या प्रेमाने म्हणायचीस, म्हणून बोलले नाही."

"सोळा वर्षं?"

"हो."

मावशी पलंगाच्या कडेवर टेकली. त्या एका वाक्यापुढे कुणा परक्याने दंडांवर लिहिलेली ओळ तिला अगदी किरकोळ वाटली. ती ओळ पडली ती नांगरून ठेवलेल्या जमिनीत, आणि नांगर आपण धरला होता. "चुकलं माझं," ती म्हणाली. भाचीने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या आणि हळूहळू फोन करायच्या थांबल्या. समुपदेशन करणाऱ्या एका बाईंकडे दर आठवड्याला बोलायला जायचं ठरलं. दोनदा तिने जायला नकार दिला, तिसऱ्यांदा ताईबरोबर रडत गेली. व्हिडिओंचं खातं तिने स्वतः बंद केलं, पंधरा दिवसांनी पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. त्या बाईंनी सांगितलं होतं, फोन हिसकावून घेऊ नका, तिचा तिला सोडू द्या. ताईने रात्री काम संपवून घरी आल्यावर तिच्याजवळ बसायला सुरुवात केली, नुसतं बसायला. भाऊजींनी ट्रकची लांबची फेरी सोडून जवळची धरली. मावशीने शिवलेले कपडे भाचीने पुन्हा घातले नाहीत. बाजारातून घेतलेले तयार, सैल शर्ट घालायची. मावशीने त्याबद्दल काही विचारलं नाही.

दुकानातही तिने एक बदल केला. मापं मोठ्याने सांगायची पद्धत तिने बंद केली. टेप फिरवायची, वहीत लिहायची, वही मिटायची. कुणा मुलीने विचारलं, "किती आहे?", तर म्हणायची, "कपड्याला कळलं, बस्स." आणि कुणाची मापं दोन महिन्यांत फार खाली आली, तर त्या मुलीच्या आईला निरोप जायचा, की जरा येऊन जा, कपड्यापलीकडचं बोलायचंय. दोन आया येऊन भांडून गेल्या. एक आली ती दुसऱ्यांदा मुलीला घेऊन आली, आणि मावशीने तिला डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला. मास्तरांनीही तसंच करायला घेतलं. पण ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलायचे, त्यामुळे त्यांच्याकडे भांडणं जास्त व्हायची.

दुपारचं जेवण एकटीने जात नाही, असं भाचीने त्या बाईंना सांगितलं होतं. म्हणून ती रोज एक वाजता डबा घेऊन दुकानात यायची. बाईंनी मावशीला बजावलं होतं, ताटाकडे बघायचं नाही, किती खाल्लं विचारायचं नाही, शाबासकी द्यायची नाही. मावशी तिच्याकडे पाठ करून मशिनीवर बसायची.

त्या दिवशीही ती अशीच बसली होती. गणवेशाचा एक शर्ट होता, बाहीची सरळ टीप मारायची होती. मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मावशीने मशीन चालू केली. मशिनीच्या आवाजात मागे चमचा वाजू लागला, अडखळत, थांबून, पुन्हा. बाहीच्या निम्म्यावर मशिनीतला दोरा संपला. सुई नुसतीच खाली-वर होत होती, कापडावर बारीक भोकांची रांग उमटत होती, टाका एकही पडत नव्हता. मावशीला ते लगेच कळलं. तिने पाय थांबवला नाही. बाही संपली तेव्हा ती फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू केली, आणि मागे झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत ती बिनदोऱ्याची मशीन चालवत राहिली.